अक्का, तुला ताप नव्हता

प्रिय अक्का,

येडशीच्या ठेसनावर बसून लिहितोय. गाडी केव्हा येईल म्हणून मास्तरला विचारलं, तर तो म्हणाला, "लढाई चालू आहे, साहेब." जसं काही आमच्या या बुटक्या गाडीचं इंजिन कुणी जर्मनांवर सोडायला नेलंय! बाकावर बसवत नाही. उठून फिरायला लागलो तर पाय थांबत नाहीत, आणि हमाल माझ्याकडं संशयानं बघतो. म्हणून कागद काढला. आज सकाळी तुझ्या घरी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मी सोलापूरला पोचणार नाही. अंगानं पोचेन, बाकीचा इथंच राहीन.

तू असताना तुला एक धड पत्र लिहिलं नाही मी. कसं लिहिणार? तुला अक्षर येत नव्हतं. दाजी निजामाच्या शाळेत शिकले ते उर्दू. माझं मराठी पत्र आलं की ते गावातल्या एकुलत्या एका वाचणाऱ्याकडं जायचं, तो ते आधी पारावर वाचायचा आणि मग तुझ्या दारात. तुझ्या सासरच्या कागाळ्यांना मी दिलेली उत्तरं तुझ्या सासरच्यांनी तुझ्या आधी ऐकलेली असायची! आता मात्र मेलेल्या माणसाला सगळं कळतं म्हणतात. तसं असेल तर मला एकच सांग.

गंगू जगली. मग तू का नाही जगलीस?

चिडू नकोस. गंगूनं जगू नये असं मी म्हणतोय का? नामा तुझा शेंडेफळ दीर, त्याला तू कडेवर वागवलंस. त्याची बायको म्हणून गंगूला आणलीस ती सून आणावी तशी. तुझ्याहून वीसेक वर्षांनी लहान जाऊ. दोघी एका ताटात जेवायचात. दोघींना काटाही एकाच दिवशी मोडावा, हे मात्र अतीच झालं!

येळवस होती, मार्गशीर्षातली वेळा अमावास्या. सगळं घर रानात. कडब्याची कोप, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे. तुमच्या घरचा रिवाज, की त्या दिवशी रान म्हणजे देऊळ, बायकांनी तिथं चप्पल घालायची नाही. पुरुषांनी घातली तर देवाला चालतं. देव बहुतेक पुरुषांच्या पायाकडं बघत नसावा. रानाच्या काटेरी कुपाटीच्या खिंडीतून तुम्ही दोघी डोक्यावर बुट्ट्या घेऊन आत शिरलात आणि बाभळीच्या एकाच फांदीनं दोघींचे पाय धरले. तुझी टाच, गंगूचा चवडा.

आत्याबाईंनी दोघींचे काटे काढले. तुझी सासू ती, त्यांच्या कमरेची सुई म्हणजे गावाचं इस्पितळ. आधी तुझा काढला, मग तीच सुई पदराला पुसून गंगूचा. रुईचा चीक लावला, वर गरम गुळाचा चटका दिला. झालं! तुम्ही दोघी आंबील वाढायला उठलात.

म्हणजे बघ, काटा एक, सुई एक, चीक एक, गूळ एक, काढणारा हात एक. आणि पुढं?

गंगूचा पाय नडगीपर्यंत सुजला. लालभडक. ताप असा की अंगावर ओलं फडकं टाकलं तर वाफ निघावी. ती ओरडली, बडबडली, नामाला लाथ मारली. सगळं घर तिच्याभोवती. आणि तू? तुझी टाच जरा काळवंडली होती म्हणे, बस्. ताप नाही. अंग गार. तू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलीस, जरा झोपाळल्यासारखी. आत्याबाईंनी तुझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "थोरलीचं अंग गार हाय. हिचा उतरला बग. धाकटीला न्या."

नामानं गंगूला बैलगाडीत घातलं आणि इथून, याच ठेसनावरून, आगगाडीनं बार्शीच्या दवाखान्यात नेलं. बैलगाडी अंगणातून हलताना तू उठून दारात आलीस. स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काढून गंगूवर टाकलंस. अगं, तुला थंडी वाजत नव्हती का? का वाजत असूनही टाकलंस? तुझा हा स्वभाव मला कधीच आवडला नाही! आपण लहान असताना तू स्वतःची भाकरी मला देऊन "मला भूक न्हाय" म्हणायचीस, आणि मी खुशाल खायचो. लहान होतो, पटलं. पण इतक्या मोठ्या माणसांनाही पटावं?

आणि नामाला तू "वामन, नीट जा रं बाबा" म्हणालीस. सगळे हसले. आत्याबाई म्हणाल्या, "भावाची सय आली वाटतं." सय कसली, अक्का? तुझं डोकं तुला सोडून चाललं होतं. नामाला वीस वर्षांत तू कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हतीस. हे त्या अंगणातल्या एकालाही खटकू नये? मी सोलापुरात बसून त्याच वेळी माझ्या साप्ताहिकातल्या सदरासाठी म्युनिसिपालिटीच्या गटारांवर विनोद करत होतो. लोक म्हणतात माझी नजर तीक्ष्ण आहे. गटारापुरती असेल.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. श्वास लागला, आणि संपलं. ना ताप, ना आरडाओरडा. मेलीससुद्धा तू कुणाला त्रास न देता.

तार मला मिळाली तेव्हा तुझी राख सावडून झाली होती.

आता गावाचं शास्त्र ऐक. गाव म्हणजे काय, दोन जण उभे राहिले की तिसऱ्याच्या मरणाचं कारण सांगतात. गंगूला नेण्याच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी तिच्यावरून उतारा ओवाळला होता. भाकरी, लिंबू, कुंकू. तो तिवाट्यावर ठेवला. आणि शेजारच्या काशीबाईनं म्हणे तुला परसाकडं जाताना तो ओलांडताना पाहिलं. झालं की! गंगूचा ताप उताऱ्यात उतरला, उताऱ्यातून तुझ्या पायात चढला. गंगू बरी झाली ती तुझ्या जिवावर. तिनं तुला खाल्लं.

काशीबाईला मी विचारलं, "तुम्ही बघितलंत तर हाक का नाही मारलीत?"

"अगं बया, मला काय मालूम इतकं व्हईल म्हणून! आन तुमी लई शिकल्याले, तुमीच सांगा की मग, दुसरं कशानं मरंल धडधाकट बाई?"

आणि अक्का, मला सांगता येईना. हीच तर बोच आहे! हसायला मला शंभर गोष्टी येतात. पण काशीबाईकडं वेडगळ का असेना, उत्तर होतं. माझ्याकडं नव्हतं.

म्हणून गंगूला आणायला नामाबरोबर बार्शीला मीच गेलो. नामा बैलांशी तासभर बोलतो, माणसांशी जमत नाही, हे निमित्त होतं. मला डॉक्टरला गाठायचं होतं. गृहस्थ माझ्यापेक्षा तोंडाळ निघाला. मी म्हटलं, "काटा एक, सुई एक. एक बाई तुमच्या दारातून लंगडत का होईना घरी चाललीय आणि एक सरणावर गेली. हे कसं?"

तो म्हणाला, "तुम्ही काट्याची चौकशी करताय. माणसांची करा की. तुमची बहीण पाणी किती प्यायची?"

आपल्या बहिणीला तहान किती लागते हे भावाला ठाऊक असतं का? नामाच बोलला, "लई. रानातनं आल्या की अख्खा तांब्या. रातीला उठून परत. आन त्यांच्या टाचंची भेग एकडाव पडली की संक्रातीपस्तोर भरायची न्हाय."

"मुंग्या?" डॉक्टरानं विचारलं. नामानं मान खाली घालून हो म्हटलं. परसात तू बसायचीस तिथं मुंग्या लागायच्या, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. साखर होती तुला, अक्का. कुणी जाणे कधीपासून.

मग तो म्हणाला ते मी तुझ्यासाठी नीट ध्यानात ठेवलंय. "असं समजा, जखमेतून चोर गावात शिरला, म्हणजे विष रक्तात शिरलं. एका गावात कुत्री भुंकतात, माणसं काठ्या घेऊन धावतात, चोराला वेशीबाहेर हाकलतात. ते भुंकणं, धावणं म्हणजे ताप. ही तुमची गंगू. दुसऱ्या गावात चोर शोधायला लोक चुडी पेटवून धावतात आणि त्या गडबडीत स्वतःच्याच गंज्या जाळून बसतात. चोर राहतो बाजूला, गाव आपल्याच हातानं बेचिराख. तिसरं गाव आधीच उपासमारीनं, म्हातारपणानं नाहीतर साखरेनं पोखरलेलं. तिथं चोर घरोघर फिरतो आणि एक कुत्रंही भुंकत नाही. अंग गार पडतं, माणूस झोपाळतं, भलतं बोलतं, श्वास लागतो, लघवी आटते, आणि बाहेरच्याला वाटतं, काय शांत गाव आहे!"

"म्हणजे अक्का तिसरं गाव?"

"बहुतेक. कदाचित थोडं दुसरंही. चोर तोच, पण गावं वेगळी. आणि हे पुस्तकातलं नाही हो, माझं आपलं बघून बघून झालेलं मत."

मी म्हटलं, "मग ज्याला साखर नाही, वय नाही, तो तरी नक्की वाचतो ना?"

तो हसला, पण हसण्यासारखं नाही. "सख्खे भाऊ आले होते माझ्याकडं. दोघं पैलवान, आखाडा एक, अंगावरची गळवं एकासारखी एक. औषध एकच दिलं. एक परत आखाड्यात उतरला, एक नाही. का? मला माहीत नाही. तुम्हाला खोटं कारण पाहिजे असेल तर गावात मिळेल."

खरं सांगू? मला राग आला. एवढा प्रवास करून, निजामाच्या करोडगिरीच्या जकात नाक्यावर पिशवी उलटीपालटी करून घेऊन मी आलो ते 'माहीत नाही' ऐकायला? पण परतीच्या वाटेवर तेच शब्द मला धरून राहिले. काशीबाईला सगळं माहीत होतं, म्हणून गंगू तुझी मारेकरी ठरली होती. या माणसाला अर्धंच माहीत होतं, म्हणून तिला सुटायला जागा होती.

आता आज सकाळचं.

काल तुझं तेरावं झालं. आज उजाडल्यावर बघतो तर नामानं गाडी जुंपलेली. गाडीत गंगूचं गठुडं. ती तामलवाडीला, माहेरी. "पाय बरा व्हईपस्तोर का?" मी विचारलं. नामानं बैलाच्या कानाला उत्तर दिलं, "न्हाय. कायमची."

आत्याबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "तुमी यात पडू नका, वामनराव. थोरलीच्या जाग्याला ही माज्या डोळ्याम्होरं नको. तिला खाऊन बसली ती."

गंगू चाकाला धरून उभी होती. एका पायावर. ती म्हणाली, "जाऊ द्या दादा. म्या तरी ऱ्हाऊन काय करू? आक्काचं घोंगडं माज्या अंगावर होतं तवा त्या मेल्या. खरंच खाल्लं असंल की म्या."

अक्का, ही पोर हे मानायला लागली होती! तिथं माझं डोकं फिरलं. माझी जीभ कशी आहे ते तुला ठाऊक आहे. ती आयुष्यभर म्युनिसिपालिटीवर घासून धार लावलेली. ती मी त्या म्हातारीवर चालवली.

"आत्याबाई, गंगूचा ताप अक्काच्या अंगात शिरला म्हणता ना?"

"व्हय."

"मग अक्काला किती ताप होता?"

दाजी ओसरीवर बसले होते, त्यांनी वर पाहिलं. आत्याबाईंनी पदर सारखा केला.

"सांगा की. कपाळाला हात कुणी लावला होता? ताप चढला म्हणता, मग हाताला चटका बसला असेल. बसला का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "गार हुती."

"मग शिरलं काय? चढलं काय? गंगूनं खाल्लं काय?"

जिंकलो मी. आणि त्याच क्षणी मला दिसलं, की सगळे आत्याबाईंच्या हाताकडं बघताहेत. दाजी, नामा, गंगूसुद्धा. तो हात ज्यानं गार अंग चाचपलं आणि धाकटीला न्या म्हटलं. मला एवढंच सिद्ध करायचं होतं की गंगूनं तुला मारलं नाही. आणि ते सिद्ध करता करता मी बोट दुसरीकडं नेऊन ठेवलं होतं. गंगूला घालवायची त्यांना एवढी घाई का, हे मला तोवर कळलं नव्हतं. कुणीतरी तुला खाल्लेलं असायलाच पाहिजे होतं, अक्का. नाहीतर त्यांची झोप गेली असती.

त्या म्हणाल्या, "मग म्या मारली म्हण की सरळ."

वामनराववरून एकदम एकेरीवर आल्या. ओसरीचा खांब धरून खाली बसल्या. मोठ्यानं रडल्या असत्या तर बरं. तोंड नुसतं हलत होतं.

काय बोलू? तुझ्या मरणाचं गाठोडं मी एका बाईच्या डोक्यावरून उचललं आणि दुसरीच्या डोक्यावर ठेवलं. यासाठी का मी एवढा शहाणा झालो? तू असतीस तर म्हणाली असतीस, "वामन, गप बस जरा." नव्हतीस, म्हणून मीच मला म्हटलं.

डॉक्टरानं निघताना मला दाराशी थांबवून एक सांगितलं होतं. तोवर मी ते कुणाला बोललो नव्हतो, कारण ते ऐकून मला त्याचाही राग आला होता. मी आत्याबाईंच्या समोर जमिनीवर बसलो.

"डॉक्टर म्हणाला, मी तरुण होतो तेव्हा एक म्हातारा माझ्याकडं होता. तापानं फणफणलेला. एका सकाळी त्याचं अंग गार लागलं. मी त्याच्या लेकाला म्हटलं, बाप उठला, पेढे आण. लेक पेढे घेऊन आला तोवर म्हातारा गेला होता."

आत्याबाईंनी मान वर केली. "डाक्टरला कळलं न्हाय?"

"न्हाय."

"त्याच्यापाशी ती काचंची नळी असती न्हवं? ताप बगायची?"

"होती. नळीनंपण गारच सांगितलं."

"शिकून?"

"शिकून, आत्याबाई."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "त्या पेढ्याचं काय केलं त्या लेकानं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"लई वंगाळ," त्या म्हणाल्या. आणि मग, मान न फिरवता, "नाम्या, बैल सोड."

नामा उभाच. "सोड म्हनलं न्हवं? जनावरं किती येळ उभी करशील?"

गंगू जागची हलली नाही. आत्याबाई उठल्या, तिच्याजवळ गेल्या. सवयीनं हात तिच्या कपाळाकडं निघाला आणि मधेच थांबला. त्यांनी तो मागं घेतला, पदरात गुंडाळला.

"तूच सांग बाई कसं वाटायलंय. माज्या हाताला काय कळत न्हाय आता."

"बरं वाटायलंय, आत्याबाई."

"बरं म्हनू नगं! बरं बरं म्हनतच गेली ती, दीसभर लघवीला उठली न्हाय तरी. नीट सांग. लघवीला गेलीस का सकाळधरनं?"

भर अंगणात! दाजी आढ्याकडं बघायला लागले, नामा बैलाच्या पोटाखाली शिरला. गंगू लाजून म्हणाली, "गेले की." मग ती रडायला लागली, आणि आत्याबाई तिला म्हणाल्या, "रडती कशाला? गठुडं उतर. न्हाय, तू नगं उतरू, पाय हाय तुजा. नाम्या, उतर ते."

एवढंच झालं, अक्का. कुणी कुणाला माफ केलं नाही, कुणी पाया पडलं नाही. काशीबाई कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती, संध्याकाळपर्यंत ती नवं शास्त्र काढेल. काढू दे.

मी मात्र निवलो नाही. गंगू राहिली याचा आनंद आहे, पण मला अजून बसवत नाही. साखर, वय, गार अंग, सगळं समजलं, तरी ते पैलवान भाऊ डोक्यातून जात नाहीत. तुला वेळेवर बार्शीला नेलं असतं तर तू नक्की वाचली असतीस का? हे मी डॉक्टरला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता.

मास्तर हात हलवतोय. वळणापलीकडं धूर दिसतोय म्हणतो.

तर तुला शब्द देतो. या आठवड्याचा माझा मजकूर गटारांवर नसेल, आणि त्यात तुझ्या सासूवर, काशीबाईवर, कुणावर एकही कोटी नसेल. साध्या मराठीत लिहीन, पारावर वाचला तरी कळेल असा: जखमेचं माणूस गार पडलं, झोपाळलं, आपल्या माणसाला भलत्या नावानं हाक मारू लागलं, श्वास लागला, लघवी आटली, तर 'उतरला' म्हणू नका. गाडी जुंपा. आणि गाडीत दोघं मावत असतील तर दोघांना न्या.

आणि दर येळवशीला मी तुझ्या घरी येईन. गंगूच्या पायात चप्पल आहे का बघायला. देवाशी काय बोलायचं ते मी बोलेन.

तुझा भाऊ,
वामन